खोलीची गॅरंटी, पण कोणत्या खोलीची?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईहून निघणाऱ्या क्रूझ सहलींवर आलेला लेख वाचला. बोटीवरचे जेवण, संध्याकाळचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव, मुलांच्या सोयी, या सगळ्यांची माहिती लेखात आहे. मात्र पहिल्यांदाच क्रूझला जाणाऱ्या माणसाची सहल ज्यावर सुखाची किंवा त्रासाची ठरते, त्या खोलीविषयी, म्हणजे ती कशी निवडावी आणि न निवडल्यास वाट्याला काय येते याविषयी, त्यात एक ओळही नाही. गेल्या फेब्रुवारीत मी, माझी पत्नी, माझ्या थोरल्या वहिनी आणि त्यांची कॉलेजात शिकणारी नात असे चौघे मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची सहल करून आलो. तो अनुभव ताजा आहे, आणि रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात चौतीस वर्षे इतरांना जागा देण्यात गेली असल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडा अधिकारही मला आहे असे मी समजतो.

आमचे बुकिंग घराजवळच्या एका एजंटामार्फत झाले. त्याने संगणकाच्या पडद्यावर खोल्यांची छायाचित्रे दाखवली: आतली बिनखिडकीची, समुद्राच्या बाजूची खिडकीवाली, बाल्कनीवाली आणि सर्वांत महाग ‘स्वीट’, म्हणजे ऐसपैस दालन. वहिनींना पडल्या पडल्या समुद्र पाहायचा होता, म्हणून आम्ही दोन खिडकीवाल्या खोल्या घ्यायचे ठरवले. दरपत्रकात याच खोलीचे दोन दर होते आणि त्यांतल्या कमी दरापुढे ‘गॅरंटी’ असे लिहिलेले होते. मराठी माणसाला हा शब्द नवा नाही. मिक्सरला गॅरंटी असते, घड्याळाला असते, आणि गॅरंटी असलेली वस्तू बिनगॅरंटीच्या वस्तूपेक्षा चार पैसे महाग असते हेही आपल्या अंगवळणी पडलेले असते. इथे गॅरंटीवालीच स्वस्त कशी, हा प्रश्न मला त्याच वेळी पडायला हवा होता. तो पडला नाही. खोलीमागे तीन-साडेतीन हजार रुपये वाचले याचाच आनंद झाला.

क्रूझच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ असा, की कंपनी तुम्हाला फक्त खोलीचा वर्ग बांधून देते. त्या वर्गातली नेमकी कोणती खोली, कोणत्या मजल्यावर, बोटीच्या पुढच्या टोकाला की मागच्या, हे ती आपल्या सोयीने नंतर ठरवते आणि तुम्हाला कळवते, कधी प्रवासाच्या काही आठवडे आधी तर कधी अगदी दोन-चार दिवस उरले असताना. ज्यांना नकाशा पाहून, क्रमांक निवडून खोली हवी असते ते वरचा दर भरतात आणि चांगल्या जागा आधी उचलतात. जे उरते ते गॅरंटीवाल्यांत वाटले जाते. नशिबाने साथ दिली तर वरच्या वर्गातली खोलीही मिळून जाते, आणि तसे झालेले लोक मग आयुष्यभर गॅरंटीचीच शिफारस करतात. या पद्धतीला मी फसवणूक म्हणणार नाही. रेल्वेच्या वातानुकूलित प्रथम वर्गातही तिकीट पक्के झाले तरी चौघांची केबिन की दोघांचा कूपे, आणि त्यातला कोणता बर्थ, हे चार्ट लागल्यावरच कळते, आणि तो चार्ट लावणाऱ्यांत मीही होतो. फरक एवढाच, की आमच्या खिडकीवर येणारा प्रवासी ‘कन्फर्म आहे, पण बर्थ नंबर चार्टनंतर’ हे वाक्य ऐकल्याशिवाय परत जात नसे. एजंटाने आम्हाला तसे काही सांगितले नाही, आणि इंग्रजीतल्या बारीक अक्षरांच्या अटींच्या दोन कागदांवर मी न वाचता सही केली. तिकिटामागचा मजकूर वाचत जा, असे जन्मभर दुसऱ्यांना सुनावणाऱ्या माणसाने केलेली ही चूक आहे आणि ती मी कबूल करतो.

निघण्याच्या तीन दिवस आधी क्रमांक आले. आमची खोली चौथ्या मजल्यावर अगदी पुढे, नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापाशी. वहिनींची आणि नातीची सातव्या मजल्यावर मध्यभागी. दोन्ही खोल्या शेजारी असाव्यात हे आम्ही एजंटाला तोंडी सांगितले होते, पण कागदावर कुठेच लिहून घेतले नव्हते. वहिनींचे वय चौऱ्याहत्तर आहे आणि त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. बोटीवर लिफ्ट असली तरी आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंतचा तो संपता न संपणारा बोळ त्यांनी तीन दिवसांत दोनदाच पार केला.

त्यांच्या खोलीचे दार उघडल्यावर आम्ही सगळेच क्षणभर गप्प झालो. खिडकी होती, चांगली मोठी, पडदे बाजूला केलेली. पण तिच्या बाहेर चार-पाच फुटांवर एक नारिंगी लाइफबोट टांगलेली होती आणि तिने खिडकीचा जवळजवळ सगळा चौकोन भरून टाकला होता. लाइफबोटीचे पोट, त्यावरची चकाकणारी पांढरी पट्टी, काळ्या रंगातला तिचा क्रमांक, लोखंडी हुकावर चढवलेल्या रंगाचे पोपडे, सगळे स्पष्ट दिसत होते. समुद्र दिसत होता तो त्या पोटाच्या खालून, वीतभर उंचीच्या फटीतून. वहिनींनी पलंगाच्या कडेला बसून मान वाकडी करून पाहिले, मग जमिनीवर उशी टाकून पाहिले, आणि शेवटी म्हणाल्या, “भाऊजी, समुद्र बघायला आणलंत आणि होडीचं पोट दाखवलंत.” नात हसत सुटली, आम्हीही हसलो, पण पैसे खिडकीचे भरले होते हे कोणाच्याच मनातून जात नव्हते.

अशा खोल्यांना धंद्यात ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणजे अडलेल्या दृश्याची खोली म्हणतात, आणि प्रामाणिकपणे सांगून विकली तर तिच्यात गैर काही नाही. दिवसाचा उजेड हवा, समुद्र वरच्या डेकवर जाऊन पाहू, असे म्हणणारे कितीतरी लोक ती जाणूनबुजून स्वस्तात घेतात. आमच्या दरपत्रकात मात्र एकच छायाचित्र होते आणि त्यातल्या खिडकीत निळेशार क्षितिज होते.

आमच्या खोलीची तऱ्हा वेगळी. खिडकी लहान, गोल, पण समुद्र मोकळा दिसे. जाताना वारा पाठीशी होता म्हणून फारसे काही जाणवले नाही. तिसऱ्या पहाटे मुरगाव बंदरात बोट धक्क्याला लागू लागली तेव्हा पाच वाजता पलंगाखालून दळणाच्या चक्कीसारखी घरघर सुरू झाली आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास चालू लागला. बोट आडवी सरकवण्यासाठी नाळेपाशी पाण्याखाली मोठे पंखे बसवलेले असतात, त्यांना बो थ्रस्टर म्हणतात, हे मला नंतर कळले. ते पंखे बरोबर आमच्या खालच्या अंगाला होते. खरा त्रास परतीच्या रात्री झाला. फेब्रुवारीत कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो. गोव्याहून उत्तरेकडे येणारी बोट त्या वाऱ्याला आणि त्याने उठवलेल्या लाटांना तोंड देत येते, आणि सगळ्यात आधी वर चढते आणि खाली आपटते ती नाळ. पत्नीला रात्री दहाच्या सुमारास बोट लागली ती पहाटेपर्यंत. त्याच रात्री सातव्या मजल्यावर मध्यभागी वहिनी आणि नात गाढ झोपल्या होत्या, सकाळी त्यांनी विचारले, “का, काही झालं का?”

स्वागतकक्षातली मुलगी फार सभ्य होती. बोट पूर्ण भरलेली आहे, खोली बदलून देता येणार नाही, असे तिने दोनदा हात जोडून सांगितले. मी रेल्वेतला माणूस, टी.सी.ला सांगून बर्थ बदलून घेण्याची सवय. म्हणून सुचवले, की मध्यभागातला एखादा तरुण प्रवासी आपखुशीने अदलाबदल करायला तयार झाला तर? तेही चालत नाही. संकटकाळी कोणी कुठे जमायचे ते खोलीनुसार ठरलेले असते, तशी यादी तयार असते आणि प्रत्येकाच्या कार्डावर ती जागा छापलेली असते. हे ऐकल्यावर मी वाद घातला नाही. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जणांचा जीव गेला, तेव्हा आदल्या काही तासांत बोटीवर चढलेल्या शेकडो प्रवाशांचा असा जमण्याचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर बोट निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी असा सराव घेणे १ जानेवारी २०१५ पासून जगभर बंधनकारक झाले. आपल्या बेशिस्त अदलाबदलीमुळे त्या यादीत चूक व्हावी असे कोणालाच वाटणार नाही. पण म्हणूनच खोलीचा निर्णय बोटीवर चढल्यावर बदलता येत नाही आणि तो आधीच, डोळे उघडे ठेवून घ्यायला हवा, ही गोष्ट प्रवाशाला पैसे भरतानाच सांगायला नको का?

त्या मुलीने बोलता बोलता भिंतीकडे बोट दाखवले. लिफ्टच्या शेजारी काचेच्या चौकटीत बोटीच्या सगळ्या मजल्यांचा नकाशा लावलेला होता. कोणती खोली कशाच्या वर, कशाच्या खाली, लाइफबोटी कोणत्या खिडक्यांसमोर, सगळे त्यात होते. जो कागद आम्ही तिकीट काढताना पाहायला हवा होता, तो आम्ही प्रवास निम्मा संपल्यावर पाहिला.

तो पाहताना मला माझ्या वडिलांची आठवण झाली. आम्ही देवगडकडचे. साठच्या दशकात मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जायचो. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग करत बोट जायची आणि बंदर आले की खोल पाण्यात उभी राहायची. माणसे, ट्रंका, कोंबड्या पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला जायच्या. डेकच्या उतारूंना क्रमांक नसे. ज्याची वळकटी आधी उलगडेल त्याची जागा. पोरासोरांना मोकळ्या हवेसाठी नाळेकडे धावायचे असे, पण वडील आम्हाला दंडाला धरून बोटीच्या मध्यावर, धुराड्याच्या जवळ नेत आणि तिथे सतरंजी टाकत. तिथे तेलाचा वास येई, इंजिनाची धग लागे, आम्ही कुरकुर करू. वडिलांचे उत्तर ठरलेले असे: “वास चालेल, ओकारी नको.” चौथी पास झालेल्या त्या माणसाला जे ठाऊक होते, ते आज लाखभर रुपयांची सहल विकणाऱ्याला ठाऊक नसावे किंवा असून सांगावेसे वाटू नये, याचे नवल वाटते.

त्यामागचे कारण कोणालाही समजेल असे आहे. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेला माणूस खड्ड्यागणिक उडतो आणि मधल्या बाकावरचा पेपर वाचत बसतो; बोट लाटेवर पुढून-मागून डोलते तेव्हा तिची दोन्ही टोके जास्तीत जास्त वर-खाली होतात आणि मधला भाग कमीत कमी. ती डाव्या-उजव्या अंगाला कलते तेव्हा माडासारखे होते: शेंडा हलतो, बुंधा जागच्या जागी. म्हणून ज्याला बोट लागण्याची भीती आहे त्याने खालच्या किंवा मधल्या मजल्यावरची, लांबीच्या मध्यावरची खोली घ्यावी. ‘जितकी उंच आणि पुढे तितकी भारी’ ही समजूत हॉटेलातून आलेली आहे. पण एवढ्यावर निवड संपत नाही. आपल्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे तेही पाहावे लागते. वर पोहण्याच्या तलावाचा मजला असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा नाचाची जागा असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. नकाशावर खोल्यांच्या रांगेत मध्येच एखादा रिकामा पांढरा चौकोन दिसला तर तिथे बहुधा कामगारांची वर्दळ असते. दोन खोल्यांना आतून जोडणारे दार असेल तर कुटुंबाला ते सोयीचे, पण पलीकडे अनोळखी लोक असतील तर त्यांची भांडणेही आपलीच होतात. तिघे-चौघे एका खोलीत राहणार असतील तर वरून उघडणारे जादा बर्थ त्या खोलीत आहेत का ते विचारावे. ‘तिसऱ्याला गादी टाकून देतो’ हा आपल्याकडचा उपाय तिथे चालत नाही, कारण खोलीतील माणसांची संख्या लाइफबोटींतल्या जागांशी जोडलेली असते. एकट्याने जाणाऱ्याला बहुतेकदा दोघांच्या खोलीचे, किंवा त्याच्या जवळपास जाणारे पैसे भरावे लागतात, हेही त्याला आधी कळलेले बरे.

बाल्कनी घेणाऱ्यांनी बाजूही विचारून घ्यावी. मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या बोटीच्या डाव्या हाताला कोकण किनारा आणि उजव्या हाताला मावळता सूर्य असतो. परतताना नेमके उलटे. किनाऱ्याच्या लोभाने डावी बाजू घेणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे, कारण या फेऱ्यांतले बरेचसे अंतर बोट रात्री कापते आणि दिसलेच तर एखाद्या दीपगृहाची उघडझाप दिसते. मला स्वतःला ती उघडझाप फार आवडली, पण तिच्यासाठी बाल्कनीचे पैसे भरावेत असा सल्ला मी कोणाला देणार नाही.

हे सगळे वैयक्तिक गाऱ्हाणे म्हणून सोडून देता आले असते. परंतु ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतच केंद्र सरकारचे ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झाले आहे आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. बॅलार्ड पिअरला नवे क्रूझ टर्मिनल उभे राहिले आहे. याचा अर्थ असा, की येत्या काही वर्षांत आमच्यासारखे पहिल्यांदाच बोटीवर चढणारे लोक मोठ्या संख्येने येणार आहेत आणि त्यांतले बरेचसे निवृत्तीच्या पैशातून, लग्नाच्या वाढदिवसाला, आईवडिलांना घेऊन येणारे असणार आहेत. त्यांना नाळ, पिछाडी, डेक यांतले काही माहीत नसणार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ऑनलाइन विक्रीत ग्राहकाला चकवणाऱ्या क्लृप्त्यांविषयी, मार्गदर्शक सूचना काढून १३ अनुचित प्रकार ठरवून दिले आहेत. खोटी घाई निर्माण करणे आणि किमतीचे घटक सुरुवातीला न दाखवता टप्प्याटप्प्याने उघड करणे हे दोन्ही त्यांत आहेत. ‘दोनच खोल्या शिल्लक’ अशी तांबडी अक्षरे आणि शेवटच्या पानावर उगवणारे खोली-निवडीचे शुल्क पाहिले की या सूचनांची आठवण व्हावी. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तोही वाचकांनी लिहून ठेवावा.

माझी मागणी फार मोठी नाही. ‘गॅरंटी’ हा शब्द ज्या दरापुढे येईल त्या दराखाली, महाराष्ट्रात विकताना मराठीत आणि ठळक अक्षरांत, ‘या दरात खोली तुम्हाला निवडता येणार नाही, ती कंपनी ठरवेल आणि नंतर बदलता येणार नाही’ एवढे वाक्य छापावे. दृश्य अडलेले असू शकते, तर तसे त्याच ठिकाणी लिहावे. पैसे घेण्याआधी मजल्यांचा नकाशा ग्राहकासमोर ठेवावा. रेल्वेच्या संकेतस्थळावर ‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढा’ असा पर्याय प्रवाशाला कित्येक वर्षांपासून निवडता येतो. त्याच धर्तीवर ‘दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर असतील तरच’ किंवा ‘मध्यभागातलीच’ असा पर्याय, हवे तर थोडे पैसे जास्त घेऊन, क्रूझ कंपन्यांना देता येण्यासारखा आहे. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वे जमेल तेव्हा खालचा बर्थ आपणहून देते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लिफ्टजवळची खोली देण्यासाठी संगणकाला त्याहून वेगळे काही शिकवावे लागेल असे वाटत नाही.

परत आल्यावर मी एजंटाकडे गेलो. भांडायला गेलो होतो, पण तो म्हणाला, “काका, तुम्ही विचारलंच नाही,” आणि ते खरे होते. मी त्याला त्या बोटीचा नकाशा उघडायला सांगितला. त्यानेही तो पहिल्यांदाच उघडला असावा, कारण आमची खोली शोधायला त्याला माझ्याहून जास्त वेळ लागला. सातव्या मजल्यावरच्या लाइफबोटी सापडल्यावर तो स्वतःच “अरेच्चा” म्हणाला. त्याने नकाशाच्या दोन प्रती काढल्या. एक टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि दुसरी मला दिली. ती आता वहिनींकडे आहे. त्यांना पुढच्या हिवाळ्यात लक्षद्वीपला जायचे आहे, आणि पाचव्या मजल्याच्या मध्यावरच्या, लिफ्टपासून तिसऱ्या दाराच्या दोन शेजारशेजारच्या खोल्यांवर त्यांनी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या आहेत. दर अजून एजंटाकडून यायचा आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रेल्वे आरक्षण पर्यवेक्षक, ठाणे